डिझेल मिळतं, बर्फ मिळतो, मग बॅटरीचं पाणी का मिळत नाही?

मंडळी, १ ऑगस्टला दर्या खुला होईल. बंदरात सध्या जाळ्यांची डागडुजी, इंजिनाची कामं, रंग, परवान्याचे कागद अशी सगळी धावपळ चालू आहे. या गडबडीत एका फारच लहान गोष्टीबद्दल लिहितोय. पोस्ट लांब आहे, पण ज्यांच्या घरातलं कुणी बोटीवर जातं त्यांनी शेवटपर्यंत वाचावी ही विनंती.

गोष्ट आहे बॅटरीत घालायच्या पाण्याची.

गेल्या हंगामात आमच्या वाडीतली एक बोट रात्री नांगर टाकून थांबली होती. इंजिन बंद, दिवे बॅटरीवर. पहाटे तांडेलानं चावी मारली तर नुसता 'टक्' असा आवाज. परत मारली, परत 'टक्'. वायरलेस लावायला गेले तर त्याचा दिवा क्षणभर लागला आणि विझला. मोबाइलला रेंज नाही. सहा सिलिंडरचं इंजिन, हँडल मारून सुरू होणाऱ्यातलं नव्हे. उजाडल्यावर लांबून जाणारी दुसरी बोट दिसली, तिला कपडा हलवून बोलावलं आणि तिनं दोर लावून ओढत आणलं. मधले साडेतीन तास बोट तशीच पडून होती. वारा पडलेला होता म्हणून निभावलं. मासळीचा, बर्फाचा, डिझेलचा खर्च बुडाला तो वेगळाच.

धक्क्यावर आल्यावर इलेक्ट्रिशियननं बॅटरीची बुचं काढली. दोन घरांतल्या प्लेटा उघड्या पडलेल्या, बाकीच्यांतलं पाणी गढूळ. त्यानं खलाशाला विचारलं, "पाणी घालत होतास की नाही?"

तो म्हणाला, "घालत होतो ना दादा. प्यायचंच घालत होतो. सीलबंद बाटलीतलं."

मी तिथेच उभा होतो आणि ते उत्तर काही माझ्या डोक्यातून जाईना. सगळे त्या पोरावर ओरडले. पण त्यानं काय केलं होतं? बोटीवर माणसांनाही जे पाणी मोजून मिळतं, त्यातलं सगळ्यात स्वच्छ पाणी त्यानं बॅटरीला दिलं होतं. बॅटरीला वेगळं पाणी लागतं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी ते त्याला धक्क्यावर मिळालं नसतं. डिझेल मिळतं, बर्फ मिळतो, पिण्याच्या पाण्याचे कॅन मिळतात, तंबाखूसुद्धा मिळते. बॅटरीचं पाणी हवं असेल तर मात्र रिक्षा करून बाजारात जायचं, तेही दुकान उघडं असेल तेव्हा. पहाटे तीनला बोट सुटते, तेव्हा कुठलं दुकान उघडं असतं?

म्हणून माझं म्हणणं एवढंच की हा त्या खलाशाचा आळस नाही. ही बंदरातल्या सोयीची उणीव आहे. आणि ती फार थोड्या पैशात भरून निघणारी आहे.

आता हे पाणी वेगळं का लागतं, ते आधी समजून घेऊ. कारण 'पाणी ते पाणी, त्यात काय' हे वाक्य मी नंतर पंचवीस जणांकडून ऐकलंय.

आपल्या बोटींवर बहुतेक ठिकाणी साधी लेड-ॲसिड बॅटरी असते. ही जात जुनी आहे. गास्तों प्लांते या फ्रेंच माणसानं ती १८५९ मध्ये बनवली आणि मूळ तत्त्व अजून तेच आहे. आत शिशाच्या प्लेटा आणि त्यांच्याभोवती पाणी घातलेलं गंधकाम्ल. बारा व्होल्टच्या बॅटरीत अशी सहा घरं. चार्ज होताना, विशेषतः बॅटरी भरत आल्यावरही चार्जिंग चालूच राहिलं की, आतल्या पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन होतात आणि ते वायू बुचातून निघून जातात. इंजिन रूममधल्या उष्णतेनं हे आणखी वाढतं. लक्षात घ्या, कमी होतं ते फक्त पाणी. आम्ल आतच राहतं. म्हणून भर घालायची ती फक्त पाण्याची, ॲसिडची नाही. कितीतरी जण पातळी खाली गेली की दुकानातून ॲसिड आणून ओततात. त्यानं आतलं आम्ल गरजेपेक्षा तीव्र होतं आणि प्लेटा लवकर खलास होतात. ॲसिड सांडून गेलं असेल तरच त्याचा विचार करायचा, आणि तोही जाणकाराकडून.

पाणी कमी होऊन प्लेटांचा वरचा भाग उघडा पडला की तो भाग वाळतो, त्यावर कडक पांढरट थर धरतो आणि तेवढी प्लेट कायमची निकामी होते. नंतर कितीही पाणी घाला, ती ताकद परत येत नाही.

आता पाण्यातल्या क्षारांचं. मिठागर पाहिलंय ना आपण सगळ्यांनी? खाजण्यात खारं पाणी घेतात, उन्हानं पाणी उडून जातं, मीठ खाली राहतं. बॅटरी हे एक छोटं मिठागरच आहे. पाणी वायू होऊन निघून जातं आणि त्यात जे काही विरघळलेलं होतं ते मागे राहतं. पुढच्या महिन्यात परत पाणी घातलं, परत थोडं मागे राहिलं. समजा पाण्यात लिटरला ३०० मिलिग्रॅम क्षार आहेत आणि एका घरात वर्षाला लिटरभर पाणी गेलं, तर दर वर्षी ३०० मिलिग्रॅम क्षार त्या घरात साठतात. ते बाहेर पडायला वाटच नाही. घरातल्या पाण्याच्या बंबात चुना बसतो तो आपण खरवडून काढतो, बॅटरीत हात घालता येत नाही.

सगळेच क्षार सारखे वाईट नसतात. दोन शत्रू मोठे. एक लोह. थोडं लोह जरी आत गेलं तरी बॅटरी वापरात नसतानाही आतल्या आत उतरत राहते. रात्री भरलेली बॅटरी सकाळी दम सोडते, त्याचं हे एक कारण असू शकतं. दुसरा शत्रू म्हणजे क्लोराइड, आपल्या मिठातला. तो धन प्लेटेची शिशाची जाळी खातो आणि चार्ज होताना त्याचा क्लोरीन वायू होतो. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण १९ ग्रॅम क्लोराइड असतं. म्हणजे चहाचा एक चमचा, पाच मिलिलिटर समुद्राचं पाणी आत पडलं तरी सुमारे ९५ मिलिग्रॅम क्लोराइड गेलं. पाणबुड्यांमध्ये बॅटरीच्या खोलीत समुद्राचं पाणी शिरलं की क्लोरीनचा धोका असतो, ही दर्यावर्दी जगात जुनी माहिती आहे. बॅटरीजवळ ब्लीचिंग पावडरसारखा वास आला तर इंजिन रूममधून माणसं आधी बाहेर काढा, मग बाकीचं बघा.

आता आपल्याकडे काय काय घातलं जातं, ते एकेक बघू. ही यादी मी धक्क्यावर बसून विचारून केली आहे, कुणाला कमी लेखायला नाही. यातलं अर्धं मी स्वतः केलेलं आहे.

सीलबंद बाटलीतलं पाणी. ते माणसासाठी आहे. त्यात क्षार असतात, कित्येकदा चवीसाठी मुद्दाम ठेवलेले किंवा घातलेले असतात. प्यायला उत्तम, बॅटरीला नाही.

नळाचं पाणी. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात क्लोराइड लिटरला २५० मिलिग्रॅमपर्यंत असलं तर चांगलं, आणि दुसरा स्रोत नसेल तर १००० पर्यंत चालवून घेतात. एकूण विरघळलेले क्षार ५०० पर्यंत, नाइलाजानं २००० पर्यंत. म्हणजे पाणी पिण्यासाठी अगदी नियमात बसलं तरी बॅटरीसाठी ते विषासारखं असू शकतं.

विहिरीचं पाणी. 'आमच्या विहिरीचं पाणी साखरेसारखं गोड' हे मला मान्य आहे. पण आपली जमीन जांभ्याची. जांभा लाल कशामुळे? लोहामुळे. आणि खाडीकाठच्या विहिरीला उन्हाळ्यात मचूळपणा येतो तो मिठामुळे. दोन्ही शत्रू एकाच कळशीत.

उकळलेलं पाणी. उकळल्यानं जंतू मरतात, क्षार मरत नाहीत. उलट थोडं पाणी वाफ होऊन जातं आणि उरलेलं पाणी जास्त क्षारयुक्त होतं. वाफ पकडून तिचं परत पाणी केलं तर ते ऊर्ध्वपातित, म्हणजे आपण डिस्टिल वॉटर म्हणतो ते. भांड्यात उरतं ते नव्हे.

बर्फाचं पाणी. बर्फाच्या कारखान्यात लादी साध्याच पाण्याची करतात. त्यात ती बोटीच्या खणात मासळीबरोबर पडलेली. तिचं वितळलेलं पाणी बॅटरीत घालणारेही मला भेटले.

घरच्या आरओचं पाणी. इथे लोक हट्टाला पेटतात. आरओ मशीन बरेचसे क्षार काढतं हे खरं. पण सगळे काढत नाही. शिवाय बहुतेक मशीनमध्ये चव राहावी म्हणून थोडं मूळ पाणी परत मिसळायची सोय असते, नाहीतर खनिजं घालणारी नळी असते. एका घरचं पाणी मीटरवर ३० दाखवतं, शेजारच्या घरचं १२०. नळाच्या पाण्यापेक्षा बरं, पण बॅटरीचं पाणी नव्हे.

एसीतून गळणारं पाणी. हे शहाण्या लोकांचं आवडतं. तत्त्वानं बरोबर आहे, कारण ते हवेतल्या वाफेचं पाणी. पण ते तांब्याच्या नळ्यांवरून, ॲल्युमिनियमच्या पत्र्यांवरून, धुळीवरून, शेवाळलेल्या ट्रेमधून आणि महिनोन्महिने न धुतलेल्या पाइपातून येतं. त्यात आपण समुद्रकाठचे. इथल्या हवेतच मीठ असतं, ते एसीच्या जाळीवर बसतं. फ्रिजमधल्या बर्फाच्या पाण्याचंही तेच. तपासल्याशिवाय भरवसा नाही.

पावसाचं पाणी. जुनी माणसं अंगणात पातेलं ठेवून पावसाचं पाणी धरायची आणि बॅटरीसाठी बाटल्या भरून ठेवायची. ती चुकत होती असं मी म्हणणार नाही. चांगले दोन-चार दिवस पाऊस पडून हवा धुतली गेल्यावर, उघड्यावर, थेट आकाशातून, स्वच्छ प्लास्टिकच्या किंवा काचेच्या भांड्यात धरलेलं पाणी बरंच शुद्ध असतं. पण पत्र्यावरून, कौलावरून, पन्हाळीतून आलेलं नको. आणि समुद्रावरून जोराचा वारा घोंघावत असेल तेव्हाचंही नको, कारण त्या वाऱ्यात खारे तुषार असतात.

मग योग्य काय? बाटलीवर डिस्टिल्ड किंवा डिमिनरलाइज्ड लिहिलेलं, बॅटरीसाठीचं पाणी. बॅटरीच्या पाण्यासाठी भारतीय मानक ब्यूरोचं वेगळं मानक आहे, आयएस १०६९. बाटलीवर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, तारीख आहे का, झाकण सीलबंद आहे का, हे बघून घ्या. कारण नुसतं 'बॅटरी वॉटर' असं चिकटवलेल्या बाटलीत काय आहे हे देवालाच ठाऊक. काही ठिकाणी सुटं भरून देतात, त्याच मापानं आणि त्याच नरसाळ्यानं ॲसिडही देतात. असं घेऊ नका.

सोपा उपाय म्हणजे टीडीएस मीटर. पेनाएवढा असतो, काही शे रुपयांत मिळतो. पाण्यात बुडवला की आकडा येतो. चांगलं डिस्टिल पाणी शून्य किंवा अगदी एक आकडी दाखवतं. मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजतो, त्यामुळे आत लोह आहे की मीठ आहे हे तो सांगत नाही. पण आकडा ४०, ८०, १५० आला तर ते पाणी परत करायला तेवढा पुरावा पुरेसा आहे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. खोल पाण्यात असताना प्लेटा उघड्या पडल्या आणि जवळ दुसरं काहीच नाही, तर आरओचं किंवा स्वच्छ धरलेलं पावसाचं पाणी प्लेटा बुडेपर्यंत घालणं हे बॅटरी कोरडी चालवण्यापेक्षा बरं. पण ती अडचणीची वेळ झाली. अडचणीची वेळ हीच रोजची पद्धत झाली की मग बॅटरी चार वर्षांऐवजी दोन वर्षांत जाते आणि आपण म्हणतो, 'आजकालच्या कंपन्यांचा मालच हलका.'

"मी पाच वर्षं आरओ घालतोय, मला काही झालं नाही," असं आमचे एक काका छातीठोक सांगतात. काका, या पाच वर्षांत बॅटऱ्या किती बदलल्या? काकांनी बोटं मोजली आणि विषय बदलला.

आता हिशेब करू. बोटीवर २४ व्होल्टसाठी दोन बॅटऱ्या धरा. सहा आणि सहा, बारा घरं. प्रत्येक घराला महिन्याला १०० मिलिलिटर पाणी लागलं असं धरलं, तर महिन्याला सव्वा लिटरच्या आत. दहा महिन्यांच्या हंगामाला १२ लिटर. लिटरला ३० रुपये धरले तरी ३६० रुपये. आणि मोठ्या बॅटऱ्यांची एक जोडी बदलायची म्हटली तर हजारांत, तेही दहा-वीस हजारांच्या घरात पैसे जातात. एका फेरीचं डिझेल किती लागतं ते तुम्हाला मी सांगायला नको. मग ३६० रुपयांसाठी आपण का मागे सरतो?

माझ्या मते पैशासाठी नाहीच. हे काम कुणाचंच नाही म्हणून ते राहतं. मालक म्हणतो तांडेल बघेल. तांडेल म्हणतो इंजिनवाला बघेल. इंजिनवाला नव्या खलाशाला सांगतो, 'बघ रे पाणी.' तो खलाशी कधी नेपाळचा, कधी घाटावरचा, बोटीवर येऊन महिना झालेला. पाणी बघणं म्हणजे काय, किती घालायचं, कुठलं घालायचं, हे त्याला त्याच्या भाषेत कुणीही सांगत नाही. बोट बंद पडली की मात्र बोट त्याच्याकडे.

आणि बॅटरी म्हणजे आता नुसतं स्टार्टर आणि दिवे राहिलेले नाहीत. जीपीएस त्यावर, मासे शोधायचं यंत्र त्यावर, वायरलेस त्यावर. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते मासेमारी बोटींवर ट्रान्सपाँडर बसवायच्या देशव्यापी योजनेचा प्रारंभ झाला. एक लाख बोटींचं उद्दिष्ट आहे. उपग्रहावरून निरोप देता-घेता येतो, संकटात मदत मागता येते. फार चांगली गोष्ट आहे, मी तिच्या बाजूचा आहे. पण कोट्यवधींच्या योजनेतून आलेली यंत्रं ज्या विजेच्या जोरावर चालायची, ती वीज बोटीवर ज्या बॅटरीत साठते तिच्यात आपण विहिरीचं पाणी ओततोय! तटरक्षक दलाचा १५५४ नंबर पाठ असून काय करणार? व्हीएचएफचं १६ नंबरचं चॅनल पाठ असून काय करणार, सेटच लागला नाही तर? रात्री दिवा नसलेली बोट मोठ्या जहाजाच्या वाटेत उभी असणं म्हणजे काय, हे ज्यानं अनुभवलंय त्यालाच कळेल.

"आता एवढ्याशा गोष्टीलाही सरकार पाहिजे का?" असं काही जण विचारतील. रास्त प्रश्न आहे. माझं उत्तर, सगळ्याला सरकार नको. बरंचसं आपल्या सोसायट्याच करू शकतात. म्हणून मागण्या दोन्हीकडे करतो.

पहिली मागणी मच्छीमार सोसायट्यांकडे. जिथे डिझेल देता तिथेच बॅटरीचं पाणी ठेवा. चांगल्या उत्पादकाकडून पाच लिटरचे सीलबंद कॅन घाऊक आणा, खरेदीच्या भावात द्या, डिझेलच्या पावतीवरच नोंद करा. नफा नको, तोटाही नको. बोट डिझेल भरायला येतेच, तेव्हाच कॅन चढेल. पहाटे तीनला रिक्षा शोधावी लागणार नाही.

दुसरी, तिथेच एक टीडीएस मीटर आणि एक हायड्रोमीटर दोरीला बांधून ठेवा. कुणीही यावं, आपलं पाणी तपासावं. हायड्रोमीटर म्हणजे काचेची पिचकारी. आतलं आम्ल ओढून त्याची घनता कळते. भरलेल्या बॅटरीत ती साधारण १.२४ ते १.२८ च्या दरम्यान असते. सहापैकी एखादंच घर बाकीच्यांपेक्षा फार खाली दाखवत असेल तर ते घर चाललंय हे समुद्रात जायच्या आधीच कळतं.

तिसरी, जी बंदरं मोठी आहेत, जिथे शेकड्यांनी बोटी आहेत, तिथे पाण्यातले क्षार काढणारं छोटं डीएम यंत्र सोसायटीनं बसवायचा विचार करावा. त्यात रेझिनचे दोन थर असतात, ते पाण्यातले क्षार धरून ठेवतात. पण याला माणूस लागतो. ठरावीक दिवसांनी आम्ल आणि कॉस्टिकनं रेझिन धुवावं लागतं, ते धुवण नीट उदासीन करून मगच सोडावं लागतं. कुणी बघणार नसेल तर बसवू नका. बंद पडलेली यंत्रं बंदरात आधीच पुष्कळ आहेत. कॅन विकत आणणं बरं.

चौथी मागणी शासनाकडे. महाराष्ट्रात २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा द्यायचा निर्णय झाला. त्याचं स्वागत. शेतकऱ्याला मातीपरीक्षण शिकवतात, तसं मच्छीमाराला बॅटरीपरीक्षण शिकवा. मत्स्यव्यवसाय खात्याच्या प्रशिक्षणात दोन तासांचा एक धडा बोटीच्या विजेवर ठेवा, मराठीत आणि नेपाळीतसुद्धा. हंगामाआधी बोटींची तपासणी होते तेव्हा लाइफ जॅकेट मोजता, तसंच बॅटरीची बुचंही उघडून बघा. दंडासाठी नव्हे, सांगण्यासाठी.

पाचवी, जुन्या बॅटऱ्यांची. त्यांतलं शिसं आणि ॲसिड खाडीत जाता कामा नये. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचा पुनर्वापर होईल हे पाहण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवी बॅटरी घेताना जुनी दुकानात परत द्या, किंमतही वजा होते. धक्क्यावर बॅटरी फोडून शिसं काढणं बंद झालं पाहिजे. ज्या चिखलात पोरं तिसऱ्या काढायला उतरतात त्याच चिखलात ते ॲसिड जातं.

"मग मेंटेनन्स फ्री बॅटरी का घेत नाही? पाण्याची कटकटच नको," असाही एक आक्षेप येतो. ज्याला परवडते त्यानं जरूर घ्यावी. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ती महाग पडते. आणि तुमच्या अल्टरनेटरचा रेग्युलेटर बिघडलेला असेल, बॅटरीला गरजेपेक्षा जास्त चार्ज मिळत असेल, तर बंद बॅटरीतलंही पाणी जातं, फक्त तुम्हाला परत घालता येत नाही. साध्या बॅटरीत निदान कळतं तरी. बॅटरी 'पाणी पितेय', दर आठवड्याला पातळी खाली जातेय, तर दोष पाण्याचा नाही, चार्जिंगचा आहे. पाणी घालत बसण्यापेक्षा व्होल्टेज तपासून घ्या.

शेवटी, हे काम करणाऱ्या पोरांसाठी थोडक्यात. हा भाग कापून केबिनमध्ये चिकटवलात तरी चालेल.

बॅटरीजवळ विडी-सिगारेट, लायटर, ठिणगी नको. निघणारा हायड्रोजन स्फोट करू शकतो. इंजिन रूमचं झाकण आधी उघडून हवा खेळू द्या. हातात रबरी मोजे, डोळ्यांना चष्मा. बुचं काढायच्या आधी वरची धूळ आणि मीठ ओल्या फडक्यानं पुसा, नाहीतर तेच आत पडतं. पाणी शक्यतो बॅटरी चार्ज झाल्यावर घाला, कारण चार्ज होताना पातळी वर येते आणि आधीच काठोकाठ भरलं तर ॲसिड बाहेर सांडतं. प्लेटा उघड्या असतील तर मात्र चार्जिंगआधी त्या जेमतेम बुडतील इतकं घाला, उरलेलं नंतर. खुणेपर्यंतच भरा, खूण नसेल तर प्लेटांच्या वर साधारण बोटभर. नरसाळं प्लास्टिकचं, फक्त याच कामाचं. पत्र्याचं नको, डिझेलचं तर नकोच. बुचं घट्ट लावा. ॲसिड अंगावर उडालं तर लगेच भरपूर गोड्या पाण्यानं धुवा, डोळ्यात गेलं तर बराच वेळ धूत राहा आणि डॉक्टरकडे जा. टर्मिनलवरचा हिरवा-पांढरा थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुता येतो, पण त्यातला थेंबही घरात जाता कामा नये. आणि बॅटरीची पेटी तळाच्या पाण्यापासून उंचावर, घट्ट बांधलेली हवी.

ज्यांच्या बोटी जून-जुलैत शाकारून ठेवल्यात त्यांनी आजच बुचं उघडून बघा. दोन महिने न वापरलेली बॅटरी आपोआप उतरते. पाणी बघा, चार्ज करा, मगच तिच्यावर भरवसा ठेवा. नारळी पौर्णिमेला आपण दर्याला नारळ देतो, माणसं सुखरूप परत यावीत म्हणून. त्याच हेतूनं बॅटरीला दोन कप योग्य पाणी द्यायला काय हरकत आहे?

तो खलाशी या हंगामातही आमच्याच बंदरातून जाणार आहे. परवा भेटला तेव्हा त्यानं मला विचारलं, "दादा, ते बॅटरीचं पाणी कुठं मिळतं?" मी त्याला बाजारातलं दुकान सांगितलं. पुढच्या वर्षी त्यानं विचारलं तर 'तुझ्या मागेच, डिझेल पंपावर' असं सांगता यावं, एवढीच इच्छा आहे.

सोसायटीच्या या महिन्याच्या बैठकीत हा विषय मी लेखी देणार आहे. ज्यांना पटतं त्यांनी सोबत सही करायला यावं. आणि तुमच्या बंदरात ही सोय आधीच असेल तर ती कशी चालवता ते नक्की सांगा, आम्हाला शिकायचंय.